‘ती फाइल परत टाका ना’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑफिसात एकमेकांना मेसेज आणि फाइल्स पाठवायला वापरल्या जाणाऱ्या टीम्स, स्लॅक वगैरे प्लॅटफॉर्मबद्दल आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात सध्या वाचकांची पत्रं येत आहेत. सूर साधारण एकच: इथे वेळेला काही सापडत नाही, सर्च कुचकामी आहे, यापेक्षा जुना ईमेल बरा होता. एका वाचकांनी तर कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना सर्च करण्याचं रीतसर प्रशिक्षण द्यावं अशी सूचना केली आहे. प्रशिक्षण जरूर द्यावं. पण ते कुणाला आणि कशाचं द्यावं, याबाबत माझं मत जरा वेगळं आहे. ते सविस्तर सांगायचं तर पत्र लांबणार, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

मी यंत्रसामग्रीची डिझाइनं करणाऱ्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. ड्रॉइंग, स्पेसिफिकेशन, त्यांची रिव्हिजन (म्हणजे सुधारलेल्या आवृत्त्या), कुणाला कधी काय पाठवलं याची नोंद, हे सगळं आमच्या विभागाकडे असतं. माझं शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं. ‘मॅडम, ती फाइल परत टाका ना’ हे वाक्य दिवसभर माझ्या कानावर पडत असतं. आणि गंमत म्हणजे ते म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा आधी प्रामाणिकपणे शोधलेलं असतं. त्याला शोधता येत नाही असं नाही. ज्याने फाइल टाकली, त्याने ती कुणाला सापडेल अशी टाकलेलीच नसते.

परवाचंच बघा. पंपाच्या फाउंडेशनचं सुधारलेलं ड्रॉइंग हवं होतं. शोधणारा इंजिनिअर चांगला चलाख. त्याने ‘पंप फाउंडेशन’ टाकलं, ‘सिव्हिल पंप’ टाकलं, शेवटी ‘फाउंडेशन फायनल’ टाकलं. या शेवटच्या शोधावर पडद्यावर नुसती रांग लागली: फायनल, फायनल वन, फायनल रिव्हाइज्ड, फायनल यूज धिस. हवं होतं ते त्यात नव्हतंच. ते दोघा सहकाऱ्यांच्या आपापसातल्या चॅटमध्ये पडून होतं. फाइलला नाव स्कॅनरने दिलेलं, म्हणजे ‘स्कॅन’ आणि पुढे आकड्यांची माळ. सोबतचा मेसेज काय, तर ‘हे घ्या’. आता ‘हे घ्या’वरून कुठलं सर्च पंपापर्यंत पोहोचणार? शिवाय ती स्कॅन केलेली पीडीएफ, म्हणजे आतमध्ये अक्षरं नाहीत, अक्षरांचा फोटो आहे. नावात पंप नाही, मेसेजमध्ये पंप नाही, मशीनला वाचता येईल असा फाइलच्या आतही पंप नाही. आपण कपाटात दार लागेस्तोवर सामान कोंबायचं आणि मग कपाटाला शिव्या द्यायच्या, असा हा प्रकार.

मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटच्या २०१२ च्या एका अहवालात असा अंदाज दिला होता, की कार्यालयात काम करणाऱ्यांच्या आठवड्यातला जवळपास २० टक्के वेळ अंतर्गत माहिती शोधण्यात किंवा ती ज्याच्याकडे असेल त्या सहकाऱ्याला गाठण्यात जातो. अंदाज तो अंदाजच, आणि असे आकडे पुढे सादरीकरणांत वर्षानुवर्षं फिरत राहतात. पण त्यातलं ‘सहकाऱ्याला गाठण्यात’ हे मला फार खरं वाटतं. ‘परत टाका ना’ म्हणजे दुसरं काय? एकाने शोधण्यात वेळ घालवला, सापडलं नाही म्हणून दुसऱ्याचं काम थांबवलं, दुसऱ्याने तीच फाइल आणखी एका चॅटमध्ये टाकली. म्हणजे तिची अजून एक प्रत झाली, आणि पुढच्या वेळी शोधणाऱ्यापुढे अजून एक फसवी फाइल उभी राहिली.

शब्दांची अडचण तर या प्लॅटफॉर्मांच्या फार आधीची आहे. जॉर्ज फर्नास हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं, की एकाच गोष्टीला नाव द्यायला सांगितलं तर दोन माणसं तोच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांपेक्षाही कमी असते. आमच्याकडे एक जण फाउंडेशन म्हणतो, दुसरा बेस, तिसरा पाया, आणि खरेदी विभाग फक्त पंपाचा टॅग नंबर, म्हणजे ओळख क्रमांक, लिहितो. चौघंही बरोबर. त्या अभ्यासात सुचवलेला उपाय साधा होता: एका गोष्टीला एकच ‘योग्य’ नाव शोधत बसू नका, तिला माणसं जितक्या नावांनी हाक मारतात ती सगळी नोंदवून ठेवा. ही नोंद करणं शोधणाऱ्याच्या हातात नसतं. ज्याने वस्तू ठेवली तोच करू शकतो.

मग ‘हे घ्या’च्या जागी काय लिहायचं? मी आमच्या लोकांना असं काहीतरी लिहायला सांगते:

‘कूलिंग वॉटर पंपच्या फाउंडेशनचं ड्रॉइंग, रिव्हिजन सी. अँकर बोल्टची जागा बदलली आहे, बाकी सगळं रिव्हिजन बीप्रमाणेच. जुनी प्रिंट वापरू नये. सिव्हिलवाल्यांनी तपासून शुक्रवारपर्यंत इथेच उत्तर द्यावं. कीवर्ड: पाया, बेस, सीडब्ल्यू पंप, अँकर बोल्ट.’

लिहायला मिनिटभरसुद्धा लागत नाही. पहिल्या वाक्यात वस्तू काय आहे ते आलं, दुसऱ्यात काय बदललं, मग कुणी काय करायचं. शेवटची ओळ माणसांनी वाचण्यासाठी नाहीच, ती सर्चसाठी आहे. दिसायला ओबडधोबड दिसते हे मान्य. पण सहा महिन्यांनी कुणी ‘अँकर बोल्ट’ एवढंच शोधलं तरी हा मेसेज वर येतो, आणि त्यासोबत ड्रॉइंगही.

यावर मला हमखास उत्तर मिळतं: ‘मॅडम, एवढं लिहीत बसायला वेळ कुणाला आहे?’ ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडली, त्यातलं चौथं आहे ‘वाचकाचा वेळ वाचवा’. ग्रंथपालाचा वेळ वाचवा असं ते म्हणत नाहीत. एक जण लिहितो आणि वीस जण वाचतात अशा ठिकाणी त्या एकाने वेळ वाचवला की तो वीस जणांच्या माथी बसतो. हा हिशेब कुणालाच नीट सांगितला जात नाही, कारण लिहिणाऱ्याचं मिनिट दिसतं आणि शोधणाऱ्यांचे तास विखुरलेले असतात.

आता थोडं ‘झालं’बद्दल. मला सर्वांत जास्त छळणारा मेसेज हाच. ‘झालं’, ‘डन’, ‘ओके’, किंवा नुसता अंगठा. त्या क्षणी ज्याने विचारलं त्याला कळतं, पण महिन्याने ‘क्लायंटने ते ड्रॉइंग मंजूर केलं होतं का?’ असा प्रश्न आला की मंजुरीचा एकही शब्द कुठे नसतो. ‘रिव्हिजन सी क्लायंटकडून मंजूर, पत्र आजच आलं’ एवढं लिहिलं तर तीच ओळ पुरावा होते. अंगठ्यावर माझा राग नाही. जेवणाची वेळ ठरवायला तो उत्तम आहे. निर्णय मात्र शब्दांत असू दे.

स्क्रीनशॉटचंही तेच. सॉफ्टवेअरने एरर दाखवला की लोक फोटो काढून टाकतात आणि खाली लिहितात, ‘असं येतंय’. पुढच्या माणसाला तोच एरर आला तर तो एररचे शब्द शोधणार, आणि ते शब्द फोटोत अडकलेले. काही प्लॅटफॉर्म चित्रातली अक्षरं वाचतात, पण त्यावर भिस्त ठेवू नये. फोटो टाकाच, त्याखाली एररची ओळ टाइप करा किंवा चिकटवा. आणि उपाय सापडला की तो त्याच थ्रेडमध्ये, म्हणजे त्या मेसेजखालच्या उत्तरांच्या मालिकेत, लिहा. ‘फोनवर बोललो, सुटलं’ हे वाचून दुसऱ्याचं काय सुटणार?

यापेक्षाही गंभीर मुद्दा आहे तो फाइल कुठे टाकायची याचा. चॅट (ठराविक माणसांचं आपापसातलं बोलणं) आणि चॅनेल (साऱ्या गटाची सामायिक जागा) यांत बहुतेकांना फरक वाटत नाही. दोन्हीकडे फाइल ओढून सोडता येते, दोन्हीकडे ती दिसते. पण आतून गोष्ट अगदी निराळी आहे. टीम्समध्ये चॅनेलवर टाकलेली फाइल त्या टीमच्या शेअरपॉइंटमध्ये, म्हणजे सामायिक फाइल्सच्या जागेत, जाऊन बसते, म्हणजे ती गटाची होते. चॅटमध्ये टाकलेली फाइल पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या वैयक्तिक ऑनलाइन कपाटात, राहते. समोरच्याला ती उघडायची मुभा मिळते, मालकी नाही. तो सहकारी नोकरी सोडून गेला, त्याचं खातं काढून टाकलं, की त्याचं वनड्राइव्ह मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस राहतं आणि मग पुसलं जायच्या मार्गाला लागतं. आयटी विभागाने मुदत वाढवली असेल किंवा कुणी वेळेवर फाइल्स हलवल्या असतील तर वाचतात. नाहीतर चॅटमध्ये फाइलचं नाव तसंच दिसत राहतं आणि त्यावर क्लिक केलं की हाती काही लागत नाही.

आमच्याकडे हे घडलेलं आहे. एक अनुभवी सहकारी गेले, समारंभ झाला, भेटवस्तू झाली, आणि त्यांच्या चॅटमध्ये असलेल्या हिशेबाच्या शीट कुणी हलवल्या नाहीत. पुढे एका व्हेसलच्या, म्हणजे टाकीच्या, भिंतीची जाडी कशावरून ठरवली हे विचारायची वेळ आली तेव्हा सगळे त्या चॅटमधल्या मेलेल्या लिंककडे बघत बसले. त्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी आठवेल तेवढं सांगितलं, पण शीट त्यांच्याकडे असण्याचं कारणच नव्हतं, आणि असती तर तो वेगळाच घोटाळा झाला असता. ती जाडी पुन्हा पहिल्यापासून काढावी लागली.

गुगल ड्राइव्ह वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे. ‘माय ड्राइव्ह’मधली फाइल त्या व्यक्तीच्या मालकीची, ‘शेअर्ड ड्राइव्ह’मधली संस्थेच्या मालकीची, माणूस गेला तरी ती जागेवर राहते. म्हणून माझा नियम साधा आहे: मसुदा स्वतःकडे ठेवा, पण दुसऱ्या कुणाचं काम ज्यावर अवलंबून आहे ती फाइल गटाच्या जागेत गेली पाहिजे. आणि कुणी नोकरी सोडणार म्हटलं की ओळखपत्र आणि लॅपटॉप परत घेण्याच्या यादीत ‘चॅटमधल्या फाइल्स’ ही एक ओळ वाढवावी.

स्लॅकच्या फुकट योजनेवर चालणाऱ्या छोट्या गटांनी तर जास्तच जपावं. तिथे २०२२ पासून फक्त मागच्या ९० दिवसांचेच मेसेज आणि फाइल्स दिसतात, आणि २०२४ पासून वर्षापेक्षा जुना मजकूर कायमचा पुसला जातो. ठरलेली गोष्ट चॅटमध्ये ठरली हे ठीक, पण तिची एकमेव नोंद तिथेच असणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं.

फाइल पाठवू नका, लिंक पाठवा, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पाळतात कमी. प्रत्येक सुधारणेला नवी फाइल आणि नवं ‘फायनल’ निघतं ते यामुळेच. खरं तर त्याच फाइलवर नवी आवृत्ती चढवली तर जुन्या आवृत्त्या प्लॅटफॉर्म स्वतः जपतो. शेअरपॉइंट ऑनलाइनच्या लायब्ररीत मूळ सेटिंग ५०० मुख्य आवृत्त्यांचं आहे. गुगल ड्राइव्हवर ठेवलेल्या पीडीएफ, वर्ड अशा फाइल्सच्या जुन्या आवृत्त्यांबाबत मात्र सावध राहावं: त्या ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्या की पुसल्या जाऊ शकतात. जी आवृत्ती हवीच असेल तिच्यावर ‘कायम ठेवा’ ही खूण करावी लागते. ड्राइव्हच्या लिंकचा एक मोठा फायदा असा, की फाइलचं नाव बदललं किंवा ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तरी लिंक तीच राहते.

नाव देताना तारीख घालायची असेल तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाने घाला. तारखा लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ८६०१, १९८८ पासून हेच सांगतं आहे. कारण अगदी व्यवहारी आहे: अशी नावं आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला की सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र गोळा होतात. ‘इतर’ नावाचं फोल्डर करू नये. ते सगळ्यात आधी भरतं आणि त्यात मग कुणीच डोकावत नाही.

लिंक देताना परवानगी कुठली दिली आहे, हे बघायला विसरू नये. लिंक असणाऱ्या कुणालाही, फक्त संस्थेतल्यांना, की ठराविक माणसांना? नुसतं वाचायला, शेरे मारायला, की बदल करायला? घाईत लोक सर्वांत मोकळा पर्याय निवडतात, कारण मग ‘मला ॲक्सेस नाही’ असे मेसेज येत नाहीत. त्यापेक्षा गटाला परवानगी द्यावी आणि बाहेरच्यांना दिलेल्या लिंकला सोय असेल तिथे मुदत घालावी. आणि सगळ्या चॅनेलला घंटा वाजवणारा उल्लेख करून ‘माहितीसाठी’ म्हणून काहीतरी टाकणं थांबवावं. ज्याला काही करायचं आहे त्याचं नाव घ्या, बाकीचे आपल्या सवडीने वाचतील.

शोधण्याचं काहीच शिकू नये असं माझं म्हणणं नाही. पण ते शिकणं थोडक्यात आटोपतं. पहिलं, शोध ‘काय’पासून सुरू करू नका, ‘कुणी, कुठे, केव्हा’पासून करा. शब्द कुठला वापरला असेल हे आठवत नाही, पण कुणी टाकलं आणि साधारण कधी, हे माणसाला बहुतेक वेळा आठवतं. स्लॅकमध्ये ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द, कोलन आणि नाव; ‘इन’, कोलन आणि चॅनेल; तारखेसाठी ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’; फक्त लिंक असलेले मेसेज हवे असतील तर ‘हॅज’, कोलन, ‘लिंक’. एवढं केलं तरी ढीग निम्म्यावर येतो. गुगल ड्राइव्हमध्ये सर्चच्या चौकटीच्या उजव्या टोकाला जी रेघांची खूण असते तिच्यावर क्लिक केलं की मालक, प्रकार, तारीख हे सगळं नुसतं निवडता येतं. टाइप करण्याची गरज नाही. टीम्समध्ये एखाद्याच चॅटमध्ये किंवा चॅनेलमध्ये शोधायचं असेल तर तिथे जाऊन कंट्रोल आणि एफ दाबावं, साऱ्या संस्थेचा कचरा वर येत नाही.

दुसरं, ड्रॉइंग नंबरसारखी, मध्ये आडव्या रेघा असलेली गोष्ट अवतरणचिन्हांत घालून शोधा, नाहीतर तिचे तुकडे करून सर्च भलतंच काही आणतो. शेअरपॉइंटमध्ये शब्दाची फक्त सुरुवात आठवत असेल तर शेवटी तारका द्या. शब्दाच्या आधी दिलेली तारका तिथे चालत नाही. ‘ऑर’, ‘नॉट’ हे शब्द कॅपिटल अक्षरांतच लिहावे लागतात, लहान लिपीत लिहिले तर तेही शोधायचेच शब्द समजले जातात. हे शेवटचं कुणी सांगत नाही आणि लोक चिडतात.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळीच डोकेदुखी आहे, तिचा उल्लेख आजवरच्या पत्रांत आलेला दिसला नाही. जुन्या, युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण मशीनच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची रांग असते. त्यात ‘परिपत्रक’ शोधलं तर जन्मात सापडणार नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं हाच उपाय. युनिकोडमध्येसुद्धा खाचाखोचा आहेत. ‘ॲप’मधला पहिला वर्ण दोन प्रकारे लिहिला जातो: युनिकोडमध्ये २००८ साली आलेला एकसंध वर्ण वापरून, किंवा ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन. दिसायला सारखे, आत वेगळे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ही दोन पद्धतींनी साठवला जातो. एका कीबोर्डवरून टाइप केलेला शब्द दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला आणि सर्चने कानावर हात ठेवले, तर आपलं शुद्धलेखन तपासत बसू नये. अशा वेळी जोडाक्षर नसलेला, सरळ शब्द शोधावा. आकड्यांचंही तसंच: देवनागरी आकड्यांत लिहिलेलं वर्ष इंग्रजी आकड्यांनी सापडेलच असं नाही. गटाने एक पद्धत ठरवावी आणि फाइलच्या नावात तरी तीच पाळावी. आमच्या गटाने फाइलच्या नावात इंग्रजी आकडे आणि आतल्या मजकुरात देवनागरी असं ठरवलं. कुणाला आवडलं, कुणाला नाही, पण फाइल्स सापडायला लागल्या.

आणि ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नाही’ असं धरू नका. हे प्लॅटफॉर्म ज्याला जे बघायची परवानगी आहे तेवढंच त्याला शोधात दाखवतात. शेजारी बसलेल्याला दिसतं आणि तुम्हाला दिसत नाही, यात काही बिघाड नसतो. अशा वेळी फाइल मागण्यापेक्षा जागेची परवानगी मागा. ‘परत टाका ना’ऐवजी ‘कुठे ठेवली आहे, तिथला ॲक्सेस द्या ना’ म्हणा. पुढच्या वेळी विचारावं लागणार नाही. नुकतीच टाकलेली फाइल सर्चमध्ये यायला थोडा वेळ लागतो हेही लक्षात असू द्यावं.

आपल्या सदरात एका वाचकांनी लिहिलं आहे, की आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहाय्यक आला आहे, तो सगळं शोधून देईल, फाइलींच्या नावांची आणि कीवर्डची ही कारकुनी आता कशाला? मायक्रोसॉफ्टचा कोपायलट मोठ्या संस्थांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, आणि आमच्याकडेही असं काहीतरी सुरू झालं आहे. मदत होते, खोटं का बोला? लांबलचक थ्रेडचा गोषवारा तो बरा काढतो. पण रिव्हिजन बी आणि सी दोन्ही पडून असतील आणि कुठली चालू आहे हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर तोही अंदाजच बांधणार, आणि तो अंदाज इतक्या ठाम सुरात सांगणार की कुणाला शंकासुद्धा येऊ नये. सिव्हिलवाले त्यावरून अँकर बोल्ट बसवून मोकळे होतील.

दुसरं असं, की हा सहाय्यक विचारणाऱ्याला ज्या फाइल्सची परवानगी आहे त्या सगळ्या वाचतो. आजवर घाईत ‘संस्थेतल्या सगळ्यांना’ म्हणून दिलेल्या परवानग्या चालून गेल्या, कारण त्या फाइल्स कुणाला सापडतच नव्हत्या. पगाराचा तक्ता, कुणाच्या कामाचं मूल्यमापन, अर्धवट राहिलेलं कोटेशन, सगळं अंधारात सुरक्षित होतं. आता कुणीही सहज प्रश्न विचारला की ते समोर येऊ शकतं. म्हणून ज्या संस्था असा सहाय्यक आणायच्या बेतात आहेत त्यांनी त्याआधी प्रत्येक विभागाला निदान आपापल्या जागेच्या परवानग्यांची यादी काढायला लावावी, ‘सगळ्यांना’ असलेल्या फाइल्स एकेक करून तपासाव्यात, आणि रद्द झालेल्या रिव्हिजन चालू फोल्डरमधून हलवाव्यात. हे काम आयटीवाल्यांवर ढकलता येत नाही. कुठली फाइल कुणाच्या कामाची आणि कुठली रिव्हिजन रद्द झाली, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? ते त्या विभागालाच करावं लागतं, आणि त्यासाठी कामाच्या वेळेत वेळ काढून द्यावा लागतो. आमच्याकडे तो अजून मिळालेला नाही. सहाय्यकाचं प्रशिक्षण मात्र पुढच्या आठवड्यात आहे.

आपली,
एक वाचक
डॉक्युमेंट कंट्रोल विभाग
(पत्रात कार्यालयातले प्रसंग आले असल्याने नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)